टिचलेली अंडी आणि न वाळलेला रंग

तीर्थरूप भाऊजींना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गोदामात तुम्हाला साहेब म्हणायचं असं तुम्हीच बजावलं आहे आणि मी ते पाळते. पण हे पत्र तुमच्या घरी येतंय, म्हणून घरचं नातं लावलं. चुकलं असेल तर लहान समजून पोटात घाला.) तुमची तब्येत ठीक असेल. जाऊबाईंची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी त्यांना वाकायची बंदी केली असं ऐकलं. तशी त्यांना पूर्वीपासूनच वाकायची सवय नाही, त्यामुळे फार जड जाणार नाही. घराचा रंग आता वाळला असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

रंगाचं मुद्दाम विचारलं. तुमच्याकडे रंगकाम निघालं, तेव्हा वासाने मामंजींचा दमा उसळेल म्हणून तुम्ही त्यांना आठ दिवसांसाठी आमच्याकडे आणून सोडलंत. त्याला चार वर्षं झाली. मध्ये तुमच्या दिवाणखान्याला दुसरा रंग लागल्याचं जाऊबाईच बोलता बोलता म्हणाल्या, त्यावरून पहिला वाळला असावा असा माझा आपला अंदाज. (मला रंगातलं कळत नाही. काही रंग वाळायला वेळ घेत असतील.) तक्रार मुळीच नाही. वडील माणूस घरात असलं की घराला वजन येतं, आणि आमचं घर दोनच खोल्यांचं, त्यामुळे वजन चांगलंच जाणवतं. हे ट्रकवर असतात, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. मामंजींची खाट दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी आहे. आत जाणाऱ्याला आणि बाहेर जाणाऱ्याला ते प्रत्येक वेळी कुठे निघालीस असं विचारतात. स्वयंपाकघरात निघाले असं दिवसातून वीस वेळा सांगायला माझं काही जात नाही.

आता ज्यासाठी कागद हातात घेतला ते लिहिते. परवा तुमच्या कारकुनाने मला दिव्याच्या खोलीतून उठवलं आणि पिंपाच्या खोलीत नेऊन उभं केलं. कारण विचारलं तर म्हणाला, आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात म्हाताऱ्याला पढवून पाठवलंस, साहेबांची शोभा केलीस. (म्हातारा हा शब्द त्याचा. साहेबांच्या वडिलांबद्दल तो असं बोलतो हे तुम्हाला माहीत असावं म्हणून जसाच्या तसा लिहिला.) भाऊजी, देवाशपथ सांगते, मी त्यांना काहीही पढवलेलं नाही. त्यांना पढवता आलं असतं तर मी आधी न्हाणीघरातला दिवा बंद करायला पढवलं असतं. हा गैरसमज दूर व्हावा आणि मला माझी जागा परत मिळावी, एवढ्यासाठीच हा खटाटोप. पण गैरसमज मुळापासून काढायचा तर अंड्यापासून सुरुवात करावी लागेल, त्याला माझा इलाज नाही.

दिव्याच्या खोलीत आमचं काम साधं. अंधारात एका डब्याच्या भोकातून उजेड येतो, त्यावर अंडं धरायचं, बोटांत फिरवायचं. अख्खं असलं तर ट्रेमध्ये, तडा दिसला तर पायाशी ठेवलेल्या टोपलीत. ही टिचलेली अंडी दुकानात जात नाहीत आणि ठेवून टिकत नाहीत. त्यामुळे तुमच्या आधीचे साहेब असल्यापासून ती आम्ही बायका संध्याकाळी वाटून घरी न्यायचो आणि त्याच रात्री नीट शिजवून खायचो. माझ्या दोन्ही पोरांची हाडं त्या टोपलीने घडवली आहेत, खोटं कशाला सांगू. अंड्याइतकं समजूतदार खाणं मी दुसरं पाहिलेलं नाही. नुसतं उकडून मीठ लावा, तक्रार नाही. कांद्यावर परता, कांद्याचं होऊन जातं. काल उरलेल्या भातावर फोडा, भाताला कुणी शिळा म्हणत नाही. बटाट्याच्या रश्श्यात सोडलं तर रश्श्याला पाहुण्यांसमोर जायची हिंमत येते. घरात भाजी नसली, डाळ संपली, हे अचानक ट्रकवरून उतरले, पोराला ताप येऊन गेला, प्रत्येक वेळी तेच धावून येतं आणि चूल पेटल्यापासून पाच मिनिटांत ताटात असतं. आपल्या माणसांपैकी इतकं वेळेला धावून येणारं कोण आहे असा विचार मी कधी कधी करते, आणि मग दुसरा विचार करते.

मामंजींच्या तोंडात आता एकही दात नाही (हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आता कळलं). पोळी त्यांना चावत नाही, डाळीने पोट फुगतं. त्यांच्यासाठी मी अंडं फेटून, चमचाभर दूध घालून, मंद आचेवर सारखं हलवत राहते, अगदी मऊ होईपर्यंत. ते त्यांना इतकं आवडतं की खाताना ते डोळे मिटतात. माझ्याकडे आले तेव्हा त्यांना उठून बसायला हात द्यावा लागायचा. वर्षभरात ते कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत एकटे चालत जायला लागले आणि तिथे बसून साऱ्या गल्लीला तुमच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगायला लागले. टिचलेल्या अंड्यांनी हे केलं. मी फक्त चमचा हलवला.

मग तुम्ही पिंप आणलंत. टिचलेलं प्रत्येक अंडं फोडून पिंपात ओतायचं आणि पिंप बिस्किटांच्या कारखान्याला जायचं, असा नियम झाला. गोदामाचं नुकसान वाचलं, तुमचं वर कौतुक झालं, चांगलंच झालं. आम्ही घरी न्यायला मिळावीत म्हणून मुद्दाम टिचवतो असा तुम्हाला संशय होता. पण पिंप आल्यावरही अंडी पूर्वीइतकीच टिचत राहिली, याचा अर्थ काय काढायचा तो तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने काढावा. आता मी बाजारातून अंडी विकत आणते. अंड्यांच्या गोदामात दिवसभर अंडी हाताळायची आणि जाताना दुकानातून अंडी घ्यायची, हे पाहून दुकानदाराला फार मौज वाटते. विकतची अंडी पोरांच्या शाळेच्या डब्यात जातात, मामंजींची पाळी आठवड्यातून एकदा येते. त्यांनी कधी विचारलं नाही. पहिले काही दिवस संध्याकाळी मी घरात शिरले की माझ्या पिशवीकडे बघायचे, नंतर बघेनासे झाले. ते बघत होते तोवर बरं होतं, भाऊजी. बघेनासे झाले तेव्हा मला तुमचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. हे नम्रपणे कळवते.

आणि याच सुमारास आरोग्य दिन उगवला. 'रोज खा अंडं, आजार होई थंड' असं भल्या मोठ्या कापडावर लिहून टांगलं होतं. डॉक्टरीणबाई छान बोलल्या. अंड्याने स्नायू भरतात, डोळे राहतात, पोट भरल्यासारखं वाटतं, लहानांना चालतं, थोरांना चालतं. सगळं खरं. आम्ही बायका पहिल्या दोन रांगांत बसून माना डोलवत होतो. ज्यांची टोपली उचलून नेली त्यांनाच बसवून टोपलीतल्या मालाचे गुण ऐकवायचे, याला लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण मी तोंड उघडलं नाही. इथपर्यंत सगळं तुमच्या मनासारखं चाललं होतं. पुढचं मात्र तुम्ही हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत. मामंजींना मंचावर बोलवायची कल्पना माझी नव्हती.

सकाळी त्यांना न्यायला तुमची गाडी आली. चार वर्षांत पहिल्यांदा. जाऊबाईंनी नवा सदराही पाठवला होता (कॉलरची चिठ्ठी मी कातरली). कशासाठी बोलावलंय हे ड्रायव्हरला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मामंजींनी आपल्या मनाने ठरवलं. त्यांनी दम्याची गोळी, कंगवा आणि सासूबाईंचा फोटो खिशात घातला आणि पोरांना सांगितलं की अधूनमधून भेटायला येत जा.

मंचावर तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात की माझे वडील बघा, ब्याऐंशी वर्षांचे, रोज एक अंडं खातात, मी स्वतः लक्ष घालतो. टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबा, कसं आवडतं तुम्हाला? झालं. माणसाला चार वर्षांत कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, आणि हातात कधी माइक आला नव्हता. ते सुरू झाले. दूध किती, आच किती, मीठ शेवटी का, भातावरचं वेगळं, रश्श्यातलं वेगळं. तुम्ही दोनदा माइक घ्यायला हात पुढे केलात, त्यांना वाटलं तुम्ही आधार देताय, म्हणून त्यांनी तुमचा हात धरून ठेवला. मग म्हणाले, "पण हे सगळं पूर्वीचं बरं का बाई. यानं ते पिंप आणलं ना, तेव्हापासून रोजचं बंद झालं." बायका हसल्या ते इथे. त्यांना दोष देऊ नका, इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. हसू ऐकून मामंजीही खुलले, आणि माइक तोंडाशी तसाच असताना तुमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "रंग वाळला का रे?"

यावर कुणी हसलं नाही, कारण त्याचा अर्थ त्या मांडवात फक्त तिघांना कळला. तुम्हाला, जाऊबाईंना आणि मला. कार्यक्रम संपल्यावर तुमची गाडी दिसली नाही, म्हणून मी त्यांना कामगारांच्या बसमधून घरी आणलं. सत्काराचं उकडलेलं अंडं त्यांनी सदऱ्याच्या खिशात जपून आणलं होतं. ते दोन्ही पोरांना अर्धं अर्धं दिलं.

तर भाऊजी, आता सांगा, यात मी काय पढवलं? पिंपाच्या खोलीत मी दिवसभर टिचलेली अंडी फोडते. काम अवघड नाही. पण घरी गेल्यावर हाताला वास येतो, आणि मामंजींना तो वास लगेच कळतो. ते खाटेवर उठून बसतात. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी कुठे बोलत नाही. मला दिव्याच्या खोलीत परत घ्यावं, एवढीच विनंती आहे. जाऊबाईंना नमस्कार. त्यांना म्हणावं, सदरा छान बसला, फक्त खिसा लहान आहे.

तुमची आज्ञाधारक (कामावर तरी),
धाकटी भावजय

ता. क. वर जागेबद्दल लिहिलं ते मनावर घेतलं नाहीत तरी चालेल. पिंपाची सवय होईल. खरं मागणं वेगळं आहे. हे पत्र मामंजी स्वतः घेऊन आले आहेत. शेजारचे शिंपी तुमच्या बाजूला निघाले होते, ते दारापर्यंत सोडतील. सोबतच्या पिशवीत त्यांचे कपडे, गोळ्या आणि सासूबाईंचा फोटो आहे. रंग वाळला असेल तर त्यांना ठेवून घ्या. तुमच्याकडे अंडी विकत घ्यावी लागत नाहीत.

पुन्हा ता. क. पिशवीत काय आहे ते त्यांना माहीत नाही. सांगायचं मला धैर्य झालं नाही. मला पिंपाच्या खोलीत टाकलं ते आपल्या बोलण्यामुळे, असं त्यांनी मनाला लावून घेतलं आहे आणि ते तुमची माफी मागायला आले आहेत. सकाळपासून खाटेवर बसून पाठ करत होते. चहा घेतला, खाल्लं काही नाही.

आणखी एक. रंग वाळला नसेल तर संध्याकाळी शिंपी परत येतील, त्यांच्याबरोबर पाठवून द्या. खाट मी अजून उचललेली नाही. पण ते दारात उभे राहून "माझं चुकलं" म्हणतील, तेव्हा कृपा करून मोठ्या मनाने माफ केल्यासारखं "असू द्या" म्हणू नका.