माजघरातले बूट

४ ऑगस्ट
मशीन आलं. सोनलनं पुण्याहून पाठवलं, बापाच्या शुगरसाठी. बसून वल्ही ओढायची, जागच्या जागी. गुडघ्याला त्रास नाही म्हणे. सणसरात कॅनॉल सोडून आमचे हे घरात होडी चालवणार! पडवीत धूळ, म्हणून माजघरातच लावलं, देव्हाऱ्यासमोर.

६ ऑगस्ट
बारामतीला, बुटांसाठी. दुकानदार जाड स्पंजचेच काढत होता. "काका, लई मऊ हायती." ह्यांनी अंगठ्यानं तळ दाबला. "जोर समदा ह्यातच मुरंल. मला चालायचं न्हाय, पायानं रेटायचंय." वालचंदनगरला तीस वर्षं फिटर, बूटसुद्धा ठोकून बघणार. पाचव्या दुकानात मिळाले. सपाट, कडक तळाचे, बोटांपाशी रुंद. एकदम खूश. उसाचा रस मागत होते, दिला नाही.

७ ऑगस्ट
सकाळी बूट घालून देवासमोर! ओरडलेच मी. "नवं हायती गं. बाहेर घातलंच न्हाईत अजून." नवे असले तरी बूटच. माझ्या घरात चालायचं नाही, म्हटलं. मोजे घालून बघितले तर पाय सटकतो. मग अनवाणी. वाद घातला नाही. बूट परत खोक्यात.

२१ ऑगस्ट
रोज वीस मिनिटं, न चुकता. शुगर उतरली. सोनलचा फोन, बूट बरे बसले का. "एकदम झ्याक," म्हणाले हे. मी हसले. बूट तर खोक्यातच!

२ सप्टें.
फरशीवर लाल ठिपका. मला वाटलं कुंकू सांडलं. मशीनवर पाय अडकवायचा पट्टा करंगळीला घासून घासून कातडं गेलेलं. ह्यांना पत्ता नाही. शुगरनं ह्यांच्या पायाला कळत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं.

३ सप्टें.
डॉ. चिडले. "बूट आणलेत म्हणता, मग घालत का नव्हता?" मी काही बोलायच्या आत हे, "मलाच आवडत न्हाय हो. पाय उबतो." मी बोलणार होते का खरंच? मी रिपोर्ट चाळत बसले.

११ सप्टें.
जखम ओलीच. बोट काळपट. मशीन बाहेर ओढता आलं असतं, देव्हाऱ्याला पडदा लावता आला असता. इतकं साधं. आज पूजेला बसले आणि नुसती बसून राहिले. सोनलला खरं सांगावं म्हणून फोन उचलला, ह्यांनी काढून घेतला. "नगं. पोरगी तुझ्यावर चिडंल." लाज वाटते मला, दुसरं काही नाही.

१४ सप्टें.
ह्यांची धाकटी बहीण पणदऱ्याहून बघायला आली. पाय बघून डोळ्यांत पाणी. "दादा, बूट असून घातलं न्हाईत व्हय? वहिनी, तुमी तरी सांगायचं की."
"कुणाचं ऐकतात का हे!"
माझ्याच तोंडातून निघालं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बहिणीला म्हणाले, "खरं हाय तिचं."
चहा करायला आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं फक्त माझंच ऐकलंय.
उद्या दहाला बारामती. बोट ठेवायचं की काढायचं, डॉ. उद्या सांगणार.