क्लाउडच्या कोर्सची पारख

२ फेब्रुवारी, रविवार
निर्णय झाला. मी आयटीत जाणार.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो. माझ्या बायकोला, पौर्णिमाला, नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. दोन जूनला हजर व्हायचं. मुलगी दीपिकाही सोबत जाणार, तिकडे नववीत. प्रश्न फक्त माझा. इथे वारासिवनीच्या राइस मिलमध्ये धानाची खरेदी पाहणाऱ्या माणसाला नागपुरात कोण विचारतो? पण पौर्णिमाचा भाऊ अश्विन तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. त्याच्या हाताखाली सपोर्ट डेस्कवर एक जागा मेअखेर भरायची आहे. म्हणाला, "भाऊजी, बीसीए तं तुमचं आहेच. फक्त क्लाउडचं सर्टिफिकेट घेऊन या. तीन महिन्यांचं काम. बाकी मी पायतो."

काम तीन महिन्यांचं, हातात चार. घाई करायचं कारण नाही.

पौर्णिमाने आत्ताच हॉस्पिटलजवळ दोन खोल्या पाहून ठेवल्या. तिघांना पुरतील अशा. तिचा हा विश्वास पाहून बरं वाटलं.

९ फेब्रुवारी
आता फक्त क्लास कोणता लावायचा ते ठरवायचं. पौर्णिमा म्हणाली, "अश्विनने जिथून केलं तिथंच नाव टाका ना."

ही गिऱ्हाइकाची भाषा झाली. मी खरेदीदार आहे.

चार ठिकाणी चौकशी केली. नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही माल ज्या गावचा त्या गावाने ओळखतो तसंच केलं: इंदूरवाले, पुणेवाले, नागपूरवाले आणि आपल्या इथले बसस्टँडवाले. बाहेरगावचे तिघे ऑनलाइन शिकवतात. चौघांचाही डेमो क्लास फुकट आहे. उद्यापासून पाहतो.

१३ फेब्रुवारी
चारही डेमो पाहिले. चारही उत्तम. तिथेच शंका आली.

शेतकरी पोत्याच्या तोंडाशी नेहमी निवडक धान ठेवतो. नवखा खरेदीदार तेच हातात घेऊन भाव बोलतो आणि खाली पाखड निघते. म्हणून मी तोंडावरचं धान पाहतच नाही. लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खुपसायची, मग बुडाशी, आणि तिथला दाणा दाताखाली तोडायचा. मिलमध्ये माझी इज्जत आहे ती यामुळे.

डेमो म्हणजे पोत्याचं तोंड. मला कोर्सच्या पोटातला एक क्लास पाहिजे आणि बुडातला एक.

१९ फेब्रुवारी
मागणी कळवली. इंदूरवाला म्हणाला, "सर, ऐसा सिस्टम नहीं है." पुणेवाले आता फोनच उचलत नाहीत. घाबरले. बसस्टँडवाला हसला. "भैया, पूरा कोर्स कर लो ना, बीच का भी दिख जाएगा, आखिर का भी." उद्धट. बाद.

नागपूरवाल्यांकडे फोनवर अपेक्षा नावाची मुलगी आहे. अॅडमिशन करून देणं हे तिचं काम. दोन महिन्यांपूर्वीच लागली. आधी हिंदीतून "सर, सर" चाललं होतं. मूळची आपल्याच भागातली, खैरलांजीची निघाली, मग मराठीवर आली. म्हणाली, "अशी मागणी कोनीच नाई केली सर आतापर्यंत. थांबा, विचारून पायते."

कोणीच केली नाही. लिहून ठेवण्यासारखं आहे.

५ मार्च
अपेक्षाने रेकॉर्डिंग पाठवलं. सतरावा क्लास आणि शेवटचा.

सतरावा पाहिला. सर तासभर सबनेट, सबनेट करत होते. काही कळलं नाही. शिकवणं कमजोर आहे.

शेवटचा पाहिला. त्यात मुलं शंका विचारतात. मला शंकाही कळल्या नाहीत. विद्यार्थीही कमजोर दिसतात.

दीपिका मागे उभी होती. म्हणाली, "बाबा, सीरियल भी पहिल्या एपिसोडपासून पायतेत." लहान आहे अजून.

१४ मार्च
धुळवड. सुट्टी. आयटीवाल्यांनाही असेलच.

२३ मार्च, रविवार
काल अपेक्षाला फोन करून स्पष्ट विचारलं, हे सबनेट म्हणजे काय आणि तुमचे सर ते सरळ का सांगत नाहीत? तिला येईना. मी सोडलं नाही. गोदामवाल्याला मी असाच धरतो.

आज तिचाच फोन. सरांना विचारून आली होती. म्हणाली, "तुमच्या मिलमध्ये बारीक धान वेगळं ठेवता, मोटं वेगळं, बियान्याचं वेगळं. गोदाम एकच, पन मधात आडवी फळी टाकली. तसंच हाय सर नेटवर्कचं."

लगेच समजलं. पण समजून घेणं हा विषय नव्हता. मी सॅम्पल पाहत होतो.

६ एप्रिल
अश्विनचा फोन. "सुरू आहे ना भाऊजी?" मी म्हटलं, हौ, शेवटच्या टप्प्यात आहे. तो खूश झाला. त्याने अभ्यासाचा टप्पा धरला असावा. मी निवडीचा म्हटलं होतं. खुलासा करायचा राहून गेला.

नागपूरवाल्यांची मार्चची सूट संपली, फी वाढली. पौर्णिमा म्हणाली, "आता तरी टाका नाव. काहून वाट पाहून राह्यले?" तिला बाजार कळत नाही. चढलेला भाव उतरतो. आमचे सेठजी दर हंगामात सांगतात, पहिला भाव कधी घ्यायचा नाही. त्यांनी असं म्हणत म्हणत दुसरी मिल टाकली.

१३ एप्रिल, रविवार
अपेक्षाला आज नऊ प्रश्न विचारले. आठांची उत्तरं तिथल्या तिथे दिली. मी आश्चर्य दाखवलं नाही, दाखवलं तर भाव चढतो. शेवटी तिनेच सांगितलं. "मीच बसून राह्यली सर क्लासले, सकाळच्या आन संध्याकाळच्या, दोन्ही बॅचले. तुमी विचारता आन मले येत नाई, लाज वाटे ना. स्टाफले फी माफ हाय."

माझ्यामुळे खैरलांजीची एक मुलगी शिकायला लागली. अजून आयटीत गेलो नाही, तरी योगदान सुरू झालं.

२० एप्रिल
अश्विनने सरळ विचारलं, परीक्षेची तारीख कोणती? मग सांगावं लागलं की अजून क्लास ठरला नाही. त्याने मला ते तीनदा परत सांगायला लावलं. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा. मग म्हणाला, "भाऊजी, तुमी काय करून राह्यले फेब्रुवारीपासून?"

सगळं समजावून सांगितलं. परखी, पोट, बूड. शेवटी एक तोड काढली. अपेक्षाचा नंबर त्याला दिला. तू यातला माणूस, तूच तिला चार अवघड प्रश्न विचार. तिला आले तर क्लास पक्का समजायचा.

तिसऱ्या पक्षाकडून तपासणी. एवढी काळजी मी सरकारी खरेदीतही घेतली नाही.

२२ एप्रिल
अश्विनचा निरोप: "क्लास चांगला आहे. पोट्टी तं एकदमच पक्की आहे. आता एक दिवस बी थांबू नका."

माझा अंदाज बरोबर निघाला. या आठवड्यात नाव टाकतो. पण उन्हाळी धान यायला लागलंय, मिलमध्ये मान वर करायला वेळ नाही.

११ मे, रविवार
निवड पूर्ण. नागपूरवाले. सव्वातीन महिने लागले, पण आता मनात किंतु नाही.

अपेक्षाला फोन केला. आधी तिनेच बातमी दिली. शुक्रवारी परीक्षा दिली, पास झाली. "तुमच्या प्रश्नांनीच झाला सर माया अभ्यास. अर्धा पेपर तं तुमीच विचारून ठेवला होता."

अभिनंदन केलं. मग म्हटलं, माझंही नाव लिहा. म्हणाली, पुढची बॅच सोळा जूनला. मी विचारलं, मेअखेर सर्टिफिकेट मिळण्यासारखं काही आहे का? तिने बॅचच्या तारखा पाहिल्या. म्हणाली, "आता नाई होत सर. मार्चमध्ये बसले असते तं झालं असतं."

मिलमधून आल्यावर पौर्णिमाला सांगितलं, निवड झाली म्हणून. बॅचची तारीख नाही सांगितली. विचारली नाही तिने.

२५ मे, रविवार
अश्विनचा फोन. आवाज खाली. "रागावू नका भाऊजी. जागा आता थांबवता येत नोव्हती. मी अपेक्षाले घेतलं."

मी म्हटलं, यात रागावण्यासारखं काय? मुलगी मीच शोधली, तपासायलाही मीच लावली. कंपनीला माणूस चांगला मिळाला. एका अर्थाने जागा मीच भरली.

फोन स्पीकरवर होता. पौर्णिमा सामान भरत होती. पलंगावर तीन बॅगा मांडल्या होत्या. तिसरीतून तिने माझे चार शर्ट काढून कपाटात ठेवले आणि बॅग माळ्यावर टाकली. म्हटलं, अगं काही बोल तरी. म्हणाली, "ते वरचं झाकन लावा, झुरळं शिरतेत."

१ जून
सकाळच्या बसमध्ये दोघींना बसवलं. दीपिकाने खिडकीतून विचारलं, "बाबा, तुम्ही कधी येनार?" मी म्हटलं, सोळाची बॅच आहे, पण पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, दिवाळीनंतरची जास्त सोयीची वाटते. बघतो.

पौर्णिमा पुढे पाहत होती. बस सुटताना म्हणाली, "जेवत जा टाइमावर."

३ जून
अपेक्षाचा फोन. तिचीही नवी नोकरी सुरू झाली. म्हणाली, "बारा तारखेले या ना सर इकडं, दीपिकाचा वाढदिवस हाय. पौर्णिमाताई मले बोलावून राह्यल्या." माझ्या मुलीचा वाढदिवस मला माहीत आहे. येतो म्हटलं.

१२ जून
सेठजींनी सुट्टी दिली नाही. तसं मी विचारलं उशिरा. नागपूरला जायला बस बरी की ट्रेन, यातच दुपार झाली.

व्हिडिओ कॉलवर केक कापताना पाहिला. अश्विन, अपेक्षा, सगळे होते. दीपिकाने केकचा तुकडा स्क्रीनला लावला.

१५ जून, रविवार
मेसचा माणूस गावी गेलाय. म्हटलं, भात आपणच लावू. मिलमधला नंबर एकचा तांदूळ घरात आहे, मीच पास केलेला.

पौर्णिमाला फोन केला. पाणी किती? नवा तांदूळ असेल तर किती कमी? धुऊन भिजत ठेवायचा की तसाच? शिट्ट्या लहान कुकरला किती, मोठ्याला किती? वाटीने मोजायचं की बोटाने? तिने दोनांची उत्तरं दिली. तिसऱ्याच्या वेळी मागे कोणीतरी तिला हाक मारली. ड्यूटीवर होती.

म्हणाली, "अवो, विचारून झालं असन तं गॅस पेटवा."

पेटवतो म्हटलं. फोन ठेवला. मग चिवडा खाल्ला.