निळ्या काठाचा कप

५ जून
चि. ठकूस, अ. उ. आ.
थॅलेसेमियामुळे तुला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं आणि ते कुणाकुणाचं चढवतात, या विचाराने माझी झोप उडाली आहे. असल्या परक्या बाटलीतूनच तुला ती ‘सी’ कावीळ लागली. गोळ्यांनी बरी झालीस, पण पुन्हा विषाची परीक्षा कशाला? मंगळवारी मी स्वतः रक्त द्यायला येतोय. आपलं रक्त खानदानी, तपासायचीही गरज नाही. मामी विचारते, घरी कधी येतेस? तुझा निळ्या काठाचा कप तिने वेगळा जपून ठेवलाय.
लोभ आहेच, वेगळा काय सांगायचा!
मामा

७ जून
ती. मामांस, सा. न. वि. वि.
खानदानी रक्तालाही रांगेत उभं राहावं लागेल. रक्तपेढीत सगळ्यांचंच तपासतात, आणि ते मलाच चढेल असंही नाही. ही कावीळ रक्तातून लागते, कपातून नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत आणि घरी जाऊन कप वेगळा काढलात. गेल्या वर्षी तर तुमच्या नातीला माझ्या मांडीवरून उचलून नेलंत. मी बरी होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी हसले, पण फार लागलं मामा.
राग मानू नये, मानलात तरी लोभ ठेवावा.
ठकू

२ जुलै
चि. ठकूस, आशीर्वाद.
रक्तपेढीतून बोलावणं आलं. मला ‘सी’ कावीळ आहे म्हणे, कित्येक वर्षांची. मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीत, मला कळतं. त्यांनी पुन्हा तपासलं. तेच निघालं. कधी रक्त चढवलं होतं का, असं विचारल्यावर मी ठणकावून नाही म्हटलं. मामीने शेजारून आठवण करून दिली, पंचविशीत मांडीचं हाड मोडलं तेव्हा दोन बाटल्या चढवल्या होत्या. म्हणजे खानदानात दोन परके कधीचेच मुक्कामाला!
आज सकाळी माझा चहा निळ्या काठाच्या कपात आला. मी प्यायलो.
तुझा, मामा

५ जुलै
ती. मामांस, सा. न. वि. वि.
आधी पोट धरून हसले, मग रडू आलं. तीन महिने गोळ्या घ्या, मी बरी झाले तसे तुम्हीही व्हाल. रविवारी येतेय. मामीला सांगा, निळ्या कपातला चहा सगळ्यांसमोर मी पिणार आहे, तुमच्या आधी. आणि नातीला तुम्ही उचला, बिनधास्त. मग तुमच्याच हातांनी तिला माझ्या मांडीवर ठेवा.
लोभ त्यानंतर मोजू.
ठकू