पंधरा वर्षांचा नळ

३ मार्च
गीझर गेला! चांगलं कढत पाणी देत होता हो! पण ह्यांचं आपलं एकच — "गीझरचं आयुष्य दहा वर्षं. आपला तेरा वर्षांचा. हा कधीच मेलाय, त्याला कळलेलं नाही एवढंच."
डॉक्टरकडे तपासणी करून आले ("सगळं ठीक आहे"), तेव्हापासून टॉर्च घेऊन घरभर फिरताहेत. निवृत्त माणसाला छंद असावा, पण हा?

५ मार्च
फ्रीजही गेला. नवा आला.

९ मार्च
आज माझ्या ढमीवर डोळा! ढमी म्हणजे माझं वॉशिंग मशीन. वीस वर्षांचं. कपडे पिळायला लागलं की ढमढम करत बाथरूमच्या दारापर्यंत चालत येतं. "आयुष्य बारा वर्षं. काढून टाकायचं."
काढा की! मी आधीच पाना पळवला. हे स्टुलावर चढून माळा धुंडाळत बसले. धापा टाकत उतरले आणि भिंतीला टेकून बसले. पाना पिठाच्या डब्यात! मला हसू आवरेना.

१० मार्च
जेवताना विचारलं, "आणि नवऱ्याचं आयुष्य किती धरतात हो?"
हसले नाहीत. विनोदबुद्धीची वॉरंटी संपली वाटतं!

१४ मार्च
स्वयंपाकघरात नवा नळ. जाताना प्लंबर म्हणाला, "काकू, काकांनी फार डोकं खाल्लं बघा. म्हणे, पंधरा वर्षं टिकेल असा बसव. मी नसताना हिला कुणाच्या हातापाया पडायला लागू नये."
मी नसताना?
ह्यांना समोर बसवलं. डॉक्टर काय म्हणाले, खरं सांगा. आधी उठून नळ घट्ट बंद केला. मग म्हणाले, "हृदय थकलंय म्हणाले. किती चालेल, ते सांगता येत नाही." आणि मी ह्यांना धापा टाकायला लावून हसत होते! खूप रडले. तर माझी समजूत काढायला म्हणतात काय — "बरं, ढमी राहू दे."

१५ मार्च
पिठाच्या डब्यातून पाना काढला. हे आंघोळीला गेल्यावर नवा नळ चांगला ढिला केला. टप टप टप!
"अहो, हाच का तुमचा पंधरा वर्षांचा?"
बसलेत चिडून दुरुस्त करत. खुर्ची दिलीय, स्टूल नाही. काम अर्धवट टाकून हे कुठे जायचे नाहीत. उद्या नव्या फ्रीजचं दार ढिलं करते.