अंगठ्यातला ठोका

१ सप्टेंबर, सोमवार
द्वारका चौकाजवळच्या नव्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स म्हणून रुजू झाले. स्वागताला गुलाबजाम! इथले सानप सर बायपासमध्ये टाके घालत नाहीत. पायातली नस काढून हृदयाच्या धमनीला नव्या गोंदाने चिकटवतात, वर नर्सने अंगठ्याने दाबून शंभर आकडे मोजायचे. मला हसूच आलं. पिंपळगावला माझे वडील, अण्णा, द्राक्षाची कलमं अशीच दाबून धरतात. शुक्रवारी त्यांचंच ऑपरेशन इथे आहे. मीच गळ घातली.

२ सप्टेंबर
बोकडाच्या हृदयावर सराव. अण्णा म्हणतात, कलम नुसत्या हातालाच कळतं. बागेतल्या सवयीने हातमोजा काढला. रविवारी बागेत चाकूने कापलेल्या अंगठ्याला गोंद लागला. मेल्या बोकडाचंच तर हृदय, म्हटलं काय होतंय! जखम मात्र तिथल्या तिथे मिटली.

३ सप्टेंबर
ट्रेमधलं ते हृदय हललं. थांबलं. पुन्हा हललं. माझा अंगठा त्याच तालात ठसठसत होता. नाडी पाहिली, तोच ताल. सरांना सांगितलं, तर म्हणाले, वेळेवर जेवत जा.

४ सप्टेंबर
सकाळी टेम्पो अंगावर येता येता राहिला. छातीत धडधड मावेना. थिएटरात पोचले, तर बोकडाचं हृदय मधोमध फाटलेलं. अंगठा गप्प.
ऑपरेशन दुसरीकडे करू म्हटलं. सर म्हणाले, तीन नसा बंद आहेत, एक दिवसही थांबता येणार नाही. अण्णा म्हणाले, माझी पोर तिथं हाय, मंग मला कशाचं भ्याव?

५ सप्टेंबर
दोन-दोन हातमोजे घातले. अंगठा लांबच ठेवला. पण जोड गळायला लागला, सर ओरडले, दाब! दाबला. शंभर मोजले.
बाहेर येऊन पाहिलं. चिमट्यात अडकून अंगठ्यावरचे दोन्ही हातमोजे फाटलेले. जखम पुन्हा उघडी— आणि बघता बघता मिटली.

६ सप्टेंबर
अण्णा शुद्धीवर. मॉनिटरवर ठोके ८४. माझेही ८४.
जिना चढून आले— अण्णांचे ११८. सिस्टर धावल्या. खाली बसले. ८८.
घाबरायचं नाही. एवढंच. घाबरायचं नाही.

७ सप्टेंबर
अण्णांच्या खाटेशी बसलेय. लिहिलं की शांत वाटतं. बागेचं लिहिते. पहिली ओळ. दुसरी ओळ. ठिबकचं पाणी—
१२४.
बोकडाचं आठवायचं नाही. ते फाटलेलं—
१४१. सरांना बोलावलंय. तिसरी ओळ.
अण्णांनी माझा हात धरलाय. म्हणतात, भिऊ नको पोरी.
नाही भीत. १६०. अण्णा, मी खरंच नाही भी—