टेबलावरचं बंदर

२ मार्च

बांधाचं टोक आज अखेर बसलं! पुठ्ठा दमट हवेने वाकत होता; शेवटी संग्रहालयाच्या सुतारकाकांकडून हलक्या लाकडाच्या पट्ट्या मागून आणल्या. जेवणाच्या टेबलावर आता एका ताटापुरतीच जागा उरली आहे. घरात जेवणारा माणूसही सध्या एकच असल्यामुळे तक्रार कोण करणार?

आज रविवार, म्हणजे फोनचा दिवस. मुकादम तिच्या खोलीच्या खिडकीत उभी राहून बोलत होती. (आमच्यात ती मुकादम आणि मी मास्तर. बायको बंदर बांधते, नवरा विज्ञान संग्रहालयात लोकांना लाटा समजावून सांगतो. पदव्या आम्हीच एकमेकांना बहाल केल्या आहेत.) नियमाप्रमाणे आधी दिसलेलं, मग वाटलेलं.

दिसलेलं: "समोर समुद्र. उजव्या हाताला लांब बांध, कोपरात वाकवलेल्या हातासारखा. डाव्या हाताला टेकडी, तिच्या पायथ्याशी आखूड बांध. दोन्हींच्या मधल्या तोंडातून होड्या आत येणार."

वाटलेलं: "स्वतःच्या हातचं खाऊन खाऊन जिभेला बुरशी आली रे."

मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत ऐकतो. तिची खुर्ची. त्याशिवाय ऐकणं नीट लागत नाही.

५ मार्च

हा नियम कसा आला, ते एकदा व्यवस्थित नोंदवून ठेवतो. समजावून सांगण्याची माझी खोड कागदाच्या वाट्यालाही येणारच!

ती बंदराच्या कामावर तिकडे गेली तेव्हा सुरुवातीला आम्ही दिवसभर एकमेकांना फोटो पाठवत असू. ताटाचे, बुटांचे, आभाळाचे. उत्तरादाखल अंगठा. पुढे अंगठ्यालाही अंगठा! मग एका रविवारी फोन लागला आणि दोघांनाही बोलायला काही सुचेना, कारण सगळं "पाहून झालं" होतं. मुकादमने तिथल्या तिथे हुकूम काढला — "फोटो बंद. मला डोळे आहेत, तुला कान आहेत. कामाला लाव."

तेव्हापासून ती सांगते आणि मी ऐकून टेबलावर तिच्या बंदराची प्रतिकृती बांधतो. नकाशा उघडून पाहायचा नाही, हे माझं मीच ठरवलं आहे. दुसऱ्याचं कोडं चोरून सोडवल्यासारखं होईल ते. अंतर कमी होत नाही. पण अंतराच्या पलीकडे काय आहे, ते मला आता डोळे मिटून चालता येईल इतकं ठाऊक आहे.

९ मार्च

ताई येऊन गेली. दारातूनच टेबलाकडे पाहून: "हे काय, भातुकली मांडलीस?"

मी बांधाचा उतार, दगडांची रचना, लाटेची ताकद कुठे मोडते, सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वर्षातून दोनदा भेटणाऱ्यांना नवरा-बायको नाही म्हणत, पाहुणे म्हणतात." आणि जाताना, चपला घालता घालता: "तू तिचं बंदर बांधतोयस. ती तुझं काय बांधतेय?"

ती गेल्यावर मी बांधाचा उतार पुन्हा एकदा घासत बसलो.

१८ मार्च

नव्या मार्गदर्शकांचा वर्ग. पहिला धडा नेहमीचाच: "तुम्ही लोकांकडे तोंड करून उभे असता. तुमचा उजवा तो त्यांचा डावा. म्हणून 'उजवीकडे पाहा' असं म्हणताना स्वतःचा डावा हात वर करायचा. विचार करून नव्हे — सवयीने!" वर्गात हातांचा नुसता गोंधळ. एकीने दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "सर, एक तर बरोबर असेलच!"

माझा हात आता आपोआप उलटा उठतो. इतक्या वर्षांची कमाई आहे ती. थोडा गर्व वाटला तर चालेल, असं मी स्वतःला बजावलं.

२७ मार्च

संचालकबाईंच्या कानावर सुतारकाकांनी घातलं वाटतं. बोलावून म्हणाल्या, "घरी एकट्याने काय खेळताय? आणा ते बंदर इथे. लाटांच्या टाकीत ठेवू." आमची ही टाकी म्हणजे एक मोठा उथळ हौद; त्यात लाटा उठवणारी फळी हव्या त्या दिशेला फिरवता येते.

फलकावर बांधणारीचं नाव लिहिणार! मुकादमला आधी सांगणार नाही. प्रयोग झाला, की एकदम.

६ एप्रिल

आज तिच्या आवाजात ढोल वाजत होते. लांब बांधाचा शेवटचा दगड बसला. आणि त्याहून मोठी गोष्ट: वादळी महिन्यांत तिथले मच्छीमार दरवर्षी होड्या दूर वाळूवर ओढून ठेवतात, यंदा त्या पहिल्यांदाच पाण्यात, बंदरात उभ्या राहणार — तिच्या शब्दावर!

"लाटा कुठून येतात?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. फळी लावायची होती ना.

"समुद्र दक्षिणेला. लाटा नैर्ऋत्येकडून. आणि येतात त्या पाहुण्यासारख्या नाहीत, मास्तर. जप्तीला आल्यासारख्या येतात."

माणसं आपलं पोट ज्या होड्यांवर चालतं त्या होड्या तिच्या भरवशावर सोडताहेत. अशा बाईचा मी नवरा आहे. आज टेबलावर जेवलोच नाही. बंदराला धक्का लागला असता.

१२ एप्रिल

सकाळी संग्रहालय उघडण्यापूर्वी बंदर टाकीत बसवलं. आत बुचाच्या छोट्या होड्या सोडल्या. फळी नैर्ऋत्येला लावली आणि सुरू केली.

लाटा सरळ तोंडातून आत शिरल्या. होड्या एकमेकींवर आपटल्या, उलटल्या.

फळीचा कोन तपासला. पुन्हा तेच. लाट लहान केली. तेच. लांब बांध भलतीकडे शांत उभा, आणि तोंड नेमकं लाटांकडे उघडलेलं.

सुतारकाका दारात उभे होते. ते पुढे आले आणि मला होड्या वेचू लागले.

१३ एप्रिल

फोन. तिने दिसलेलं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, "टाकी स्वच्छ केली."

"आणि वाटलेलं?"

"विशेष काही नाही."

ती म्हणाली, "बरं."

आजवर आमच्या फोनवर "बरं" या शब्दाला काम नव्हतं.

२० एप्रिल

"मास्तर, तुझ्या आवाजात कोणीतरी दार लावून घेतलंय," ती म्हणाली. मी हवेवर, घशावर ढकललं. फोन लवकर संपला.

२३ एप्रिल

पद्धतशीर विचार करून पाहतो. ती चुकणार नाही, हे मला ठाऊक आहे. टाकी खोटं बोलत नाही, हे मीच रोज लोकांना छाती पुढे काढून सांगतो. यातलं एक तरी खोटं ठरलं पाहिजे.

सांगितलं, तर तिच्या उभ्या कामावर मी, तिचाच माणूस, बोट ठेवणार. मी, ज्याने समुद्र आयुष्यभर हौदात पाहिला! नाही सांगितलं, तर एखाद्या वादळात त्या होड्या, तो शब्द, आणि ती स्वतः.

आणि समजा मीच कुठे चुकलो असलो, तरीही जे दिसलं ते मी दडवून ठेवलं आहेच. नियमाचा पहिलाच अर्धा भाग मोडला. दुसऱ्या अर्ध्याला मग काय अर्थ उरतो? रविवारी सांगायचं. ठरलं.

२७ एप्रिल

सांगितलं. आधी प्रदर्शनाचा बेत, मग टाकी, मग होड्या. मध्येच मी "कदाचित", "असंही असेल" अशी मलमपट्टी करू लागलो, तर तिने तोडलं — "फक्त दिसलेलं सांग."

सांगून झाल्यावर तिने विचारलं:

"दोन आठवडे हे घेऊन बसलायस?"

"हो."

"फोटो पाठव."

इतक्या महिन्यांतला पहिला फोटो. घरातून निघालेलं बंदर टाकीत कसं बसवलं आहे, ते दाखवणारा. पाठवून दिवसभर वाट पाहिली. अंगठासुद्धा आला नाही.

२८ एप्रिल

हे सविस्तर लिहिलंच पाहिजे!

भर दुपारी, मी लाटांच्या दालनात असताना फोन वाजला. कामाच्या वेळी ती कधीच फोन करत नाही. उचलला, तर पलीकडे हसू. असं हसू, की तिला शब्दच फुटेना.

"मास्तर — टेकडी कुठे ठेवलीयस?"

"तुझ्या डाव्या हाताला! तूच सांगितलंस."

"माझ्या खिडकीत उभा राहा. समोर समुद्र. राहिलास? आता डावा हात वर कर."

मी हात वर केला. पाहतो तो काय — उजवा!

समोर शाळेच्या सहलीची अख्खी रांग. मास्तर एका कानाला फोन लावून दुसरा हात उंच धरून उभे, आणि तो खाली घ्यायचं भान नाही. रांगेतल्या निम्म्या मुलांनी हात वर केले.

सगळं बंदर मी उलटं बांधलं होतं! आरशात दिसावं तसं. समुद्र मी माझ्या नजरेने मांडला, अलीकडे जमीन, पलीकडे पाणी. हात मात्र तिचे घेतले — समोरच्या खुर्चीत बसलेल्या तिचे. तिचा उजवा तो माझा डावा. जी सवय मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवली, तिनेच माझी बायको माझ्यासमोर आणून बसवली, आणि तिचं बंदर फिरवून टाकलं.

"म्हणजे इतके दिवस मला समोर बसवून ऐकत होतास होय रे?" हे विचारताना मात्र ती हसत नव्हती.

"काल का नाही बोललीस?"

"काल दिवसभर माझेच आराखडे काढून बसले होते. बांधावर जाऊन उभी राहिले. तू म्हणतोस म्हणजे असेल काहीतरी, असं वाटलं. फोटो समुद्राच्या बाजूने काढलाय असं धरून चालले होते, म्हणून सगळं जागच्या जागी दिसत होतं. आज पुन्हा पाहिलं — घरं अलीकडे, समुद्र पलीकडे!"

माझ्या हौदातल्या बुचांसाठी तिने आपलं अख्खं बंदर पुन्हा तपासलं. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होतो, एकदाच पुरे.

आणि शेवटी, फोन ठेवताना, अगदी हळू: "पुन्हा दार लावून घेऊ नकोस. बंदर उलटं चालेल मला."

११ मे

नवे बांध, नवी टेकडी. या वेळी प्रत्येक तुकड्यावर आधी खडूने डा आणि उ लिहून घेतलं. सुतारकाकांना हसू आवरेना. फळी नैर्ऋत्येला. लाट लांब बांधावर आली, फुटली, फेस झाली. आत होड्या जेमतेम डुलल्या.

संचालकबाई बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "उलटंही शेजारी ठेवा. बिघडलेलं पाहिल्याशिवाय नीट असलेल्याची किंमत कळत नाही." त्यामुळे आता माझी चूक काचेच्या कठड्याआड लोक रोज पाहतात, आणि फलकावर तिचं नाव आहे. मी दोन्ही समजावून सांगतो. आवाज जरा जास्तच चढतो, अशी तक्रार शेजारच्या दालनातून आली आहे.

१५ जून

तिकडे वादळ. रविवार असून फोन नाही. समोरची खुर्ची मी आज टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी आणून ठेवली आहे.

१७ जून

फोन! आवाज बसलेला.

"आधी दिसलेलं. होड्या हलल्या, पण पाळण्यासारख्या. सगळ्या आहेत. एकूण एक. तिथला सगळ्यांत म्हातारा मच्छीमार सकाळी आला आणि म्हणाला, 'बाई, वादळात झोप लागली. आयुष्यात पहिल्यांदा.'"

"आणि वाटलेलं?"

नाक ओढल्याचा आवाज.

"तूच सांग," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. सांगितलं.

ताईला फोन केला. म्हणाली, "बरं झालं बाई," आणि मग, "पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच." तिकडे जायला रजेचा अर्ज दिला आहे.

२ ऑगस्ट

तिच्या खिडकीत उभा आहे. टेकडी डाव्या हाताला आहे. माझ्याच डाव्या, खात्री करून घेतली. मुकादम शेजारी उभी.

खिडकीच्या कट्ट्यावर, काँक्रीटच्या चाचण्यांतून उरलेल्या तुकड्यांचं काहीतरी बांधलेलं दिसलं. "हे काय?"

"तुझं संग्रहालय. ऐकून ऐकून बांधलंय. म्हटलं, येशील तेव्हा बघशील."

जिना बरोबर. तिकिटाची खिडकी बरोबर. सुतारकाकांची खोली मागच्या अंगाला, तीही बरोबर. फक्त लाटांचं दालन बाकीच्या सगळ्या इमारतीहून मोठं.

"मुकादम, प्रमाण चुकलंय."

"इंजिनिअर मी आहे," ती म्हणाली. "मोजूनच बांधलंय."