यंदा आमच्याकडे एलईडी

२८ सप्टेंबर, रविवार
निर्णय झाला. यंदा घरात फक्त एलईडी. जुन्या बल्बच्या माळा आणि साठ वॅटवाला कंदील शेजारच्या रत्नदीपला देऊन टाकला. त्यांना धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रोषणाई करायची होती. या माळा किती वीज खातात, यावर त्याला थोडं बोललो. बिचाऱ्याने ऐकून घेतलं. मग सोसायटीच्या ग्रुपवर ऊर्जाबचतीवर लांबलचक मेसेज टाकला. भरपूर अंगठे आले.

५ ऑक्टोबर, रविवार
प्रमोदिनी म्हणते, फडके रोडवरून एक माळ आणा आणि विषय संपवा. बायकोला वॉर्म व्हाइट आणि कूल व्हाइट यांतला फरक कळत नाही. मलाही परवापर्यंत कळत नव्हता, पण मी व्हिडिओ बघतोय.

१२ ऑक्टोबर, रविवार
लेकीचा पहिला दिवाळसण. श्रिया आणि जावई पाडव्याला कल्याणहून येणार. साकेत इंजिनियर. त्याच्यासमोर साधी माळ लावून कसं चालेल? सोलर बघतोय. आपली गॅलरी उत्तरेला. अभ्यास चालू.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
सगळ्यांचे कंदील लागले. रत्नदीपकडे आमच्याच माळा झगमगतायत. वाईट दिसत नाहीत. प्रमोदिनीने विचारलं, आपलं काय? म्हटलं, कार्टमध्ये आहे, रंग ठरला की झालं. ती अनारशांकडे वळली.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी, संध्याकाळ
विचित्र प्रकार. रत्नदीप आणि त्याची बायको मेघना दारात. हातात फराळाचा डबा, चेहरे उतरलेले. मेघनाने हळूच विचारलं, कोण गेलं? मला आधी कळेचना. मग उजेड पडला. ऐन दिवाळीत कंदील नाही, म्हणजे घरात दुःख आहे. अशा घरी फराळ करत नाहीत, शेजारी आणून देतात.
रंग ठरत नाहीये म्हणून अंधार आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ग्रुपवरचा मेसेज आठवला. मी मान खाली घातली. खोटं एक अक्षर बोललो नाही. रत्नदीपने खांद्यावर हात ठेवला, तेव्हा डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. प्रमोदिनी आत तळत होती, तिला पत्ता नाही. डबा कपाटात ठेवला.

२१ ऑक्टोबर, सकाळ
ग्रुपवर हात जोडलेले. फोन यायला लागले. आमचे दोन्ही फोन बंद केले. प्रमोदिनीला सांगितलं, सणाचा डिजिटल उपवास. उद्या मिळेल त्या रंगाची माळ आणतो. प्रकरण आपोआप मिटेल.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळी बेल वाजली. दार मीच उघडलं. हातात मेघनाच्या डब्यातली चकली. दारात श्रिया, केस विस्कटलेले. मागे जिन्यावर साकेत धापा टाकतोय. मला बघितलं आणि ती उंबऱ्यावरच बसली. हमसाहमशी रडायला लागली.
साकेतची आत्या आमच्याच बी विंगमध्ये. तिने रात्री कळवलं होतं की श्रियाच्या माहेरी कोणीतरी गेलंय, कोण ते कळत नाही. श्रिया रात्रभर फोन लावत होती. दोन्ही बंद. आई की बाबा, एवढाच प्रश्न घेऊन पोरगी कल्याणहून आली.
रडणं ऐकून प्रमोदिनी धावत आली. मग सगळं मलाच सांगावं लागलं. मान खाली घातली ते, फोन बंद केले ते, कार्टमधली माळसुद्धा. रत्नदीपचं दार उघडं होतं. त्याने ते आतून हळूच लावून घेतलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. चकली कुठे ठेवावी तेही सुचेना.
संध्याकाळी दोघींनी मला ओवाळलं. आधी प्रमोदिनीने, माझ्याकडे न बघता. मग श्रियाने. बापाला औक्ष मागताना तिने तबक दोनदा जास्तच फिरवलं. दिव्यांचं काय केलं, हे कोणी विचारलं नाही.